डिस्प्ले उतरवल्यानंतरचे महिने

तांबडी_शाई

नमस्कार. बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं, आज बसलेच.

मी बडोद्याची. दांडिया बाजारात पणजोबांच्या वेळचं घर. सहा वर्षं प्रिंटमेकिंग, म्हणजे छापचित्रकला, शिकले, चार पदवीची (बीव्हीए) आणि दोन पदव्युत्तर (एमव्हीए), सगळी परराज्यात. कॉलेजचं नाव लिहीत नाही. मला तक्रार नोंदवायची नाहीये, आणि पुढे जे सांगणार आहे ते इतर ठिकाणी शिकलेल्या मित्रमैत्रिणींकडूनही मी जवळपास याच शब्दांत ऐकलंय.

शेवटच्या वर्षीची ज्युरी, म्हणजे काम भिंतीवर लावून परीक्षकांसमोर उभं राहायची परीक्षा. माझ्या अकरा एचिंग्ज, म्हणजे आम्लाने कोरलेल्या पत्र्यावरून घेतलेले छापे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: जस्ताच्या पत्र्यावर ग्राउंडचा थर द्यायचा, त्यावर सुईने रेघा ओढायच्या, पत्रा आम्लात ठेवायचा, म्हणजे रेघ तेवढी खोल खाल्ली जाते. मग शाई भरायची, जाळीच्या कापडाने पुसत पुसत वरची काढून टाकायची, ओलसर कागद ठेवायचा आणि प्रेसमधून फिरवायचं. एक प्लेट मनासारखी उतरायला मला तीन-चार आठवडे लागत. परीक्षकांनी अकराही कामांवरून नजर फिरवली आणि विचारलं, “यात तू कुठे आहेस?”

प्रश्न चुकीचा नव्हता. चित्र काढणाऱ्याला कधीतरी कोणीतरी हे विचारायलाच हवं. पण त्याआधी तीन रात्री मी धड झोपले नव्हते, बाबांनी शेवटच्या वर्षाची फी एक पॉलिसी मोडून भरली होती, आणि मला उत्तर सुचलं नाही. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि ते पुढच्या मुलाकडे गेले. त्या दिवसानंतर तो प्रश्न माझ्या कामाचा राहिलाच नाही. दात घासताना, बसमध्ये, ताटावर बसल्यावर तेच. मी कुठे आहे? कुठेच नाही.

तरीही कॉलेजात असेपर्यंत मी उभी होते. कारण सकाळी दहाला स्टुडिओ उघडायचा, शेजारच्या टेबलावर कोणीतरी शिव्या घालत प्लेट पुसत असायचं, दर महिन्याला सबमिशन असायचं. मग डिस्प्ले, म्हणजे भिंतीवर मांडलेलं काम, उतरवला. खिळे काढले, भोकांत लांबी भरली, भिंतीला पांढरा हात मारला, लॉकरची किल्ली देऊन पावती घेतली आणि रात्रीच्या गाडीने बडोद्याला आले. टेबल, माणसं आणि तारखा, तिन्ही एकाच दिवशी गेलं. मला वाटतं, माझं बिनसलं ते तिथे. सगळे म्हणतात कला शिकणं फार ताणाचं असतं. असतंच. पण माझ्यासाठी शिकणं संपणं जास्त अवघड होतं, आणि त्याबद्दल सहा वर्षांत कोणी अवाक्षर काढलं नव्हतं.

चित्रकार निदान घरी कॅनव्हास लावू शकतो. प्रेस कुठून आणणार? मी लिनोकट करून, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून, चमच्याच्या पाठीने घासून छापे काढले, दोन महिन्यांत तेही थांबलं. लहान मुलांचे ड्रॉइंगचे क्लास घेतले, एका दुकानाचा लोगो केला, त्याचे पैसे अजून यायचेत. अकरा वाजता उठायचं, फोन उघडायचा, बॅचमधल्या कोणाची तरी रेसिडेन्सी (कुठेतरी राहून काम करायची संधी), कोणाचा तरी ग्रुप शो. हळदीकुंकवाला आलेल्या काकू विचारायच्या, “आता पुढे काय?” त्या प्रेमानेच विचारायच्या. मी ट्रेमधले पेले मोजत राहायचे.

उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, आमच्या खडकीतली (गल्लीतली) यच्चयावत माणसं पतंग उडवायला गच्चीवर होती. “काप्यो छे” ऐकत मी खाली खोलीत पडून होते. त्या रात्री ‘उद्या उठलेच नाही तर बरं’ असा विचार आला. तो पहिल्यांदा आलेला नाही, आपल्या ओळखीचा आहे, हे जाणवलं तेव्हा मी घाबरले. सकाळी आत्याला फोन केला. तिने एकही प्रश्न न विचारता रिक्षा केली आणि मला मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं. डिप्रेशन निघालं. गोळ्या सुरू झाल्या, सोबत समुपदेशन. पाचव्या आठवड्यात एक दिवस मी पेन्सिलीला टोक केलं. काढलं काहीच नाही, फक्त टोक केलं. आईने ती लाकडाची सालं दोन दिवस टेबलावरून उचलली नाहीत.

आता सव्वा वर्ष होतंय. बरी आहे, पूर्ण नाही. तुमच्यापैकी जे कला शिकतायत, शिकवतायत किंवा कलेवर पोट भरतायत, त्यांनी आपापलं लिहा. विशेषतः ते मधले महिने कोणी कसे काढले, हे मला ऐकायचंय.

---

फ्रेम_चोवीस

तुमची सालं वाचून थांबलो थोडा वेळ.

माझी गोष्ट उलटी आहे. मला तारखा कमी कधी पडल्याच नाहीत. अ‍ॅनिमेशनमध्ये नऊ वर्षं, आधी पुण्यात स्टुडिओत, आता इथे बडोद्यात अलकापुरीत घरून. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम्स जातात. एक रेखाटन दोन फ्रेम धरून ठेवलं तरी सेकंदाला १२ रेखाटनं लागतात. दहा सेकंदांचा शॉट म्हणजे १२०. ती पाठवायची आणि रात्री साडेअकराला निरोप येणार, पात्राचा मूडच बदललाय, उद्या दुपारपर्यंत द्या. असं महिनोन्‌महिने.

मनगट दुखायला लागलं ते मी सगळ्यांना सांगितलं. पट्टा बांधला, फिजिओकडे गेलो, लाज वाटली नाही. पण दिवसाला चौदा तास हात चित्र काढतोय आणि त्यातली एक रेघ आपली नाही, याचं जे काही आत साचतं ते कोणाला सांगणार? मित्र म्हणायचे, नशीबवान आहेस, आवडीचं काम करून पैसे मिळतात. हे वाक्य ऐकलं की मी गप्प व्हायचो. आवडीचं काम करणाऱ्याने थकायचंच नाही, असा एक अलिखित नियम आहे आपल्याकडे.

गेल्या दोन वर्षांत भर पडलीय ती एआयची. ‘चित्र आम्ही यंत्राकडून करून घेतलंय, तुम्ही फक्त बोटं आणि डोळे दुरुस्त करा’, आणि दर निम्मा. नऊ वर्षं कमावलेला हात कोणाच्या तरी चुका पुसायला वापरायचा. पैशाचा प्रश्न आहेच, पण मला झोप लागेना ती या दुसऱ्या कारणाने.

मी एकच केलं. रविवारी सकाळी सात ते नऊ कमाटीबागेत जाऊन बसतो, खिशात मावेल एवढी वही. झाडाखाली झोपलेली माणसं काढतो. ती वही कोणाला दाखवत नाही, फोटो काढत नाही, कुठे टाकत नाही. बायकोलाही नाही. त्या वहीने मला वाचवलं असं म्हणायला मन धजत नाही, कारण मधे सहा महिने मलाही डॉक्टर लागले. पण आठवड्यातले ते दोन तास माझे असतात.

---

जुनी_खडकी

तांबडी_शाई, बेटा, तुझं लिखाण मनाला लागलं. मी शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालो. माझं वय बघून राग धरू नकोस, पण मला थोडं वेगळं वाटतं. कलेच्या वाटेवर हे असंच असतं. सोसल्याशिवाय चित्राला खोली येत नाही. कुमार गंधर्वांचं बघ. क्षयाने अंथरुणाला खिळले, १९४८ च्या जानेवारीत हवापालटासाठी देवासला आले, पाचेक वर्षं गाणं बंद. पण त्या काळात माळव्याची लोकगीतं कानावर पडली आणि पुढे त्यांचं गाणं कुठल्या कुठे गेलं. तो आजार नसता तर ते गाणं झालं असतं का? आपण दुःखाला लगेच गोळी देऊन झोपवतो, त्यात काहीतरी हरवतंय असं मला मनापासून वाटतं.

---

मैफलीनंतर

काका, तुमच्याबद्दल आदर ठेवून लिहिते, कारण हेच मला माझ्या गुरूंनी सांगितलं होतं आणि त्यापायी माझी चार वर्षं गेली.

कुमारजी बरे झाले ते स्ट्रेप्टोमायसीनमुळे. हे औषध तेव्हा नुकतंच मिळायला लागलं होतं. ते मिळालं, घरात पत्नी भानुमतीबाईंनी रात्रंदिवस सेवा केली, आणि १९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत गाऊ शकले. त्यांना कोणी म्हणालं नाही की क्षय राहू दे, गाण्याला खोली येईल. आणि पडल्या पडल्या लोकगीतं ऐकून त्यातून राग शोधणारा कान आजाराने दिला नव्हता, तो त्यांचा आधीपासूनचा होता. छातीच्या आजाराला औषध द्यायचं आणि मनाच्या आजाराला साधना म्हणायचं, हे मला पटत नाही.

माझं सांगते. मी गाते. सुरसागर तलावासमोरून रोज गायन शिकायला जायचे. बडोद्यात गाणं शिकतो याचा अभिमान आम्हा सगळ्यांनाच असतो. सयाजीरावांनी मौलाबक्षांकडून १८८६ साली इथे गायनशाळा सुरू करवली, फैयाज खाँसाहेब इथल्या दरबारात होते. हा वारसा खांद्यावर छान वाटतो, पण स्टेजवर चढताना जड होतो. मला कार्यक्रमाच्या दोन दिवस आधीपासून जेवण जायचं नाही. तंबोरे लागले की हाताला घाम, घसा कोरडा, षड्जच स्थिर लागेना. पुढे पुढे मंचावर नसतानाही व्हायला लागलं, म्हणजे नुसता कार्यक्रमाचा फोन आला तरी छाती धडधडायची.

एका सहकाऱ्याने छातीची धडधड थांबवणारी गोळी दिली. बरेच वादक घेतात, काही होत नाही, म्हणाला. मला लहानपणापासून दमा आहे. त्या रात्री मला श्वास लागला आणि घरच्यांना इस्पितळात न्यावं लागलं. हे मुद्दाम लिहितेय. ती गोळी वाईट नाही, पण दमेकऱ्याने ती घ्यायची नसते आणि हे मित्राला माहीत नव्हतं. डॉक्टरला माहीत असतं.

मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो एका साध्या गोष्टीचा. समुपदेशक बाईंनी विचारलं, तुम्ही गायला बसता तेव्हा समोर कोण बसलेलं दिसतं? मी म्हटलं, गुरुजी. ते हॉलमध्ये नसले तरी? नसले तरी. मग आम्ही सहा-सात महिने त्या रिकाम्या खुर्चीवरच काम केलं. गुरूवरची श्रद्धा आणि गुरूची भीती एकमेकांत किती गुंतलेली असतात, ते सोडवायला वेळ लागतो. श्रद्धा अजून आहे.

---

मांजलपूरची_आई

मी इथे पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. मुलगा शिल्पकलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीपासून खोलीचं दार बंद करून बसतो. कॉलेजला जातो म्हणून निघतो आणि जात नाही, हे मला त्याच्या मित्राकडून कळलं. रात्रभर दिवा चालू. माझ्याशी भांडत नाही, तेच जास्त खुपतं. वडील म्हणतात लाड केलेस, मी म्हटलं होतं कॉमर्सला घाल. मी दारापाशी जाऊन काय बोलू तेच कळत नाही. रोज विचारते, आज काय केलंस? काही केलंस का?

---

तांबडी_शाई

मावशी, तो प्रश्न तेवढा थांबवा. रागावू नका. माझी आईही रोज हेच विचारायची, आणि ‘काहीच नाही’ हे उत्तर स्वतःच्या तोंडून ऐकायचा मला इतका तिटकारा आला की मी आई दुपारची झोपून उठायच्या आत जेवून घ्यायला लागले.

आत्या आमच्याकडे आली की नुसती माझ्या खोलीत येऊन मटार सोलत बसायची. बोलायची नाही. एकदा म्हणाली, “सेव-उसळ आणते, खाशील ना अर्धी?” अर्धी म्हणाली म्हणून मी हो म्हटलं. तुम्हीही दाराशी काहीतरी लहान मागा त्याच्याकडे. बरणीचं झाकण उघडून दे, गॅसचा नंबर लावून दे. आणि एकदा, एकदाच, सरळ विचारा की तुला जगणं नकोसं वाटतंय का. मला कोणी विचारलं असतं तर मी उत्तरायणापर्यंत थांबले नसते.

---

संध्याकाळची_ओपीडी

मी मनोविकारतज्ज्ञ आहे, बडोद्यातच. या धाग्यावर कोणाचं निदान करणार नाही, पण काही गोष्टी लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मांजलपूरच्या ताई, आधी तुमच्याशी. धागाकर्तीने शेवटी जे लिहिलंय ते बरोबर आहे. आत्महत्येबद्दल विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही. असेल तर बाहेर येतो, आणि बऱ्याचदा विचारणाऱ्यासमोर मुलं सुटल्यासारखी रडतात. तो ‘हो’ म्हणाला तर त्याला त्या रात्री एकटं ठेवू नका आणि दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत, मराठी किंवा गुजराती भाषा निवडता येते. त्याने फोन केला नाही तरी तुम्ही करू शकता, काय बोलावं एवढंच विचारायला केलात तरी चालेल. कारेलीबागेत सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे, सयाजी इस्पितळात मनोविकार विभाग आहे. कारेलीबागेचं नाव काढलं की आपल्याकडच्या जुन्या घरांत आवाज खाली जातो, हे मला ठाऊक आहे. तिथल्या ओपीडीच्या बाकावर परीक्षेची भीती घेऊन आलेली मुलं आणि बाळंतपणानंतर झोप उडालेल्या बाया बसलेल्या असतात. साहेबांना हेही सांगा की कॉमर्सला घातलं असतं तरी हे होऊ शकलं असतं.

किती दिवस वाट पाहायची, हे नेहमी विचारलं जातं. मन उदास किंवा कशातच रस नाही, असं दिवसातला बराच वेळ, सलग दोन आठवडे, आणि सोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडलेली असेल तर दाखवून घ्या. औषध सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात काहीच फरक दिसत नाही. दोन ते सहा आठवडे जातात. धागाकर्तीचा पाचवा आठवडा अगदी नेहमीचा आहे. बरं वाटलं म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करणं, ही मला ओपीडीत सर्वांत जास्त दिसणारी चूक.

कलाकारांच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी बघावी लागते. कधी कधी उदासीच्या आधी किंवा नंतर एखादा काळ असा येतो की माणूस तीन तास झोपून ताजातवाना, रात्रीत चार कॅनव्हास, भराभर बोलणं, उधारीवर रंग आणि सामान, आपल्यासारखा कोणी नाही असं वाटणं. घरचे आणि शिक्षक खूश होतात, काय जोमात काम चाललंय. हे दर वेळी आजारपण नसतं, पण असू शकतं. तुम्हाला असं पूर्वी झालं असेल तर ते डॉक्टरला न विसरता सांगा, कारण अशा माणसाला नुसती उदासीवरची गोळी दिली तर प्रकृती उलट बिघडू शकते.

आता जुनी_खडकी काका. औषधाने कला हरवेल ही भीती मला जवळजवळ प्रत्येक चित्रकार बोलून दाखवतो, म्हणून मी ती हलकी मानत नाही. डेन्मार्कचे मनोविकारतज्ज्ञ मोगेन्स स्काउ यांनी १९७९ साली लिथियम (मनाचे टोकाचे चढउतार आवरणारं औषध) घेणाऱ्या २४ कलावंतांना विचारून पाहिलं होतं. १२ जण म्हणाले काम वाढलं, सहा जण म्हणाले फरक नाही, सहा जण म्हणाले कमी झालं. म्हणजे भीती अगदी निराधार नाही, चौथ्या हिश्शाला तसं वाटलं. अशा वेळी डॉक्टरशी मात्रेबद्दल बोलता येतं, औषध बदलता येतं. पण निम्म्यांचं काम वाढलं होतं, हेही कोणीतरी मुलांना सांगायला हवं. व्हॅन गॉगचं नाव सगळे घेतात. फ्रान्समधल्या सां-रेमीच्या रुग्णालयात त्याला मोठे झटके आले तेव्हा आठवडेच्या आठवडे त्याला चित्र काढता आलं नव्हतं. आपण जी चित्रं बघतो ती बहुतेक मधल्या बऱ्या दिवसांतली आहेत.

---

माती_आणि_साचा

डॉक्टरांनी लिहिलंय त्यात एक भर. मी शिल्पकार, बावीस वर्षं या शहरात, मूळ सांगलीकडचा. माझ्या स्टुडिओत काम करणारा एक मुलगा सतत डोकं धरून बसायचा, चिडचिड, रात्री झोप नाही. आम्ही सगळे म्हणालो टेन्शन घेतो. मग लक्षात आलं की पावसाळ्यात शटर ओढून आम्ही फायबरचं रेझिन ओततोय. खिडकीला एक्झॉस्ट बसवला, मास्कची फिल्टरं वेळच्या वेळी बदलायला लागलो, तो मुलगा पंधरा दिवसांत माणसात आला. टर्पेंटाइन, थिनर, रेझिन, नायट्रिक ॲसिड, आपण या सगळ्यांच्या वासात झोपतोसुद्धा, कारण वन रूम किचनमध्येच स्टुडिओ असतो. मनाचं दुखणं खरंच असतं, पण आधी खिडकी उघडून बघा. मांजलपूरच्या ताई, मुलगा खोलीत काही ओतत नाही ना, तेवढं पाहा.

दुसरं, पैसे. याबद्दल चित्रकार बोलतच नाहीत आणि मग कुढतात. गॅलरी विक्रीवर तीस ते पन्नास टक्के घेते. फ्रेमिंग, वाहतूक बऱ्याचदा आपल्याच माथी. काम विकलं म्हणून मित्रांना पार्टी दिली आणि चेक आठ महिन्यांनी आला, हे माझंच झालंय. मी आता कामाआधी अर्धे घेतो आणि कागदावर लिहून घेतो. पहिल्यांदा मागताना तोंड सुकलं होतं. झोप मात्र सुधारली.

नोकरी करावी लागली तर करा. भूपेन खख्खर सनदी लेखापाल होते, बडोद्यात हिशेबाची नोकरी करत करत त्यांनी चित्रं काढली. नोकरी करणारा कमी चित्रकार, हे आपल्या बॅचमध्ये एकमेकांना कोण शिकवतं देव जाणे. फ्रेम_चोवीस, हे तुमच्यासाठीही.

---

जुनी_खडकी

दोन दिवस या धाग्यावर आलो नाही. वाचत होतो.

मैफलीनंतर, स्ट्रेप्टोमायसीनचं मला माहीत होतं. माहीत असून मी तो भाग सोडून गोष्ट सांगत आलो, वर्गातही तशीच सांगितली, तीस वर्षं. माझ्या हाताखालून गेलेला एक मुलगा होता. त्याची रेघ अशी की मी मुख्याध्यापकांना बोलावून दाखवली होती. पुढे तो आर्ट्सला गेला, दुसऱ्या वर्षी घरी परत आला आणि मला भेटायला आला. मी त्याला सांगितलं, सोस, चित्राला खोली येईल. तो नंतर भेटला नाही. आज कुठे आहे, मला माहीत नाही. मी कोणाला काय सांगितलं याचा विचार करतोय.

एक आठवण लिहितो, उपयोगी पडली तर पडो. आपल्या इथली फाइन आर्ट्स फॅकल्टी १९५० ची. चित्रकलेला इंदूरहून घडून आलेले चित्रकार बेंद्रे, शिल्पकलेला शंखो चौधरी. तिथे १९६१ पासून फाइन आर्ट्सचा मेळा भरायला लागला. मी हाफ चड्डीत वडिलांचं बोट धरून गेलोय. मोठमोठे शिक्षक आणि मुलं एकत्र बसून खेळणी करायची, मुखवटे, कागदाच्या वस्तू, आणि त्या थोडक्या पैशांत विकायची. तिथे शिकवणारे चित्रकार के. जी. सुब्रमण्यनसर यांनीही त्या मेळ्यासाठी खेळणी केली. मला तेव्हा कळलं नव्हतं, आज तुझं ‘टेबल, माणसं, तारखा’ वाचून कळलं. त्या दिवसांत एखाद्याच्या बाहुलीकडे बोट दाखवून ‘यात तू कुठे आहेस’ असं कोणी विचारत नसणार. बाहुली झाली की पुढची घ्यायची.

---

मांजलपूरची_आई

काल रात्री विचारलं. दाराबाहेर बसूनच विचारलं, डॉक्टरांनी लिहिलंय तसं, सरळ. बराच वेळ आतून काही आलं नाही. मग म्हणाला, “कधी कधी.” मी आत गेले. पहाटे चारपर्यंत आम्ही दोघं जमिनीवर बसलो होतो. १४४१६ लावला, आधी मी बोलले, मग त्याने फोन घेतला. आज अकराला सयाजीला जाऊन आलो. हे पण आले. रांगेत हे त्याची पिशवी धरून उभे होते, काही बोलले नाहीत.

परवा पुन्हा बोलावलंय. खोलीत प्लास्टरची पोती आहेत, रेझिन नाही, बघितलं.

---

संध्याकाळची_ओपीडी

ताई, फार बरं केलंत. घरातली औषधं तुमच्या ताब्यात कुलपात ठेवा आणि पुढचे काही आठवडे गोळ्या तुम्हीच हातात द्या. परवाची तारीख चुकवू नका, तो ‘आता बरं वाटतंय’ म्हणाला तरीही.

---

तांबडी_शाई

मावशी, मी तुम्हाला निरोप पाठवलाय, तिथे बोलू. त्याला वाटलं तर मी भेटायला येईन, वाटलं नाही तर नाही.

काका, तो मुलगा भेटला नाही याचं ओझं एकट्याने उचलू नका. तुम्ही जे इथे लिहिलंत ते माझ्या एकाही शिक्षकाने कधी लिहिलं नाही. हा धागा मी आमच्या बॅचच्या ग्रुपवर टाकला. रात्रीतून चौघांचे निरोप आले, त्यातले दोघं त्या रेसिडेन्सीवाल्या फोटोंतले आहेत. एक म्हणाली, फोटो टाकून ती दिवसभर अंथरुणात होती.

‘यात तू कुठे आहेस’ला माझ्याकडे अजून उत्तर नाही. पण सध्या मी तो प्रश्न एका वेळी एकाच प्लेटला विचारायचं ठरवलंय, आणि तोही शाई लावून झाल्यावर.

---

माती_आणि_साचा

फतेगंजच्या बाजूला माझी शेड आहे. कोपऱ्यात एक जुनी एचिंग प्रेस धूळ खात पडलीय, एका मित्राची, तो परदेशी गेला. रोलर सरळ आहेत, ब्लँकेट (कागदावर दाब देणारी लोकर) नवी लागतील. शनिवारी दुपारी मी तिथेच असतो. भाडं नको, शाई आपापली आणा. खिडक्या उघड्या असतात. ज्याला यायचंय त्याने या, प्लेट नसली तरी या, माती भरपूर आहे.

---

फ्रेम_चोवीस

ब्लँकेटचे पैसे मी देतो. वही घेऊन येईन, पण दाखवणार नाही, आधीच सांगतो.

---

जुनी_खडकी

मला जिना चढायचा नसेल तर येतो.

---

माती_आणि_साचा

जिना नाही काका. रस्त्यालगतच आहे.

---

तांबडी_शाई

शनिवारी किती वाजता?